अकरा जणांदेखत

१

अनुजा घरातून गेली त्याला मंगळवारी पाचवा दिवस लागला होता. त्या दिवशी सकाळी तिचा बाप जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला ललिता कुरण्यांना दिसला.

"केरबाअण्णा, वर जायचंय का खाली?"

"वर गेलो तर जावयावर हात पडंल," केरबा म्हणाला. "खाली गेलो तर पुन्हा नदीचा काठ. चार दिवस राजाराम बंधाऱ्यापासनं शिंगणापूरपतोर फिरतोय, बाई. काठावर चार माणसं उभी दिसली की काळजाचं पाणी हुतंय."

केरबा हुपरीचा. चाळीस वर्षं पैंजण घडवून त्याच्या बोटांची टोकं काळी पडली होती. धाकटी लेक अनुजा कसबा बावड्यातल्या या इमारतीत, ललिताबाईंच्या बरोबर वरच्या घरात दिलेली. तीन वर्षं ती डोक्यावर राहत होती आणि ललिताबाईंना तिच्याबद्दल काय ठाऊक होतं? जिन्यात भेटली की हसते, आणि दिवसभर दार लावून असते. एवढंच.

ललिताबाई टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं ट्रंक कॉल जोडत होत्या. त्या काळात त्यांनी माणसं पाहिली कमी आणि ऐकली जास्त. कोण खोटं बोलतोय, कोण रडू गिळतोय, कुणाच्या शेजारी तिसरा माणूस कान लावून बसलाय, हे त्यांना आवाजावरनं कळायचं. निवृत्तीनंतर गल्लीत कुणाचं काही हरवलं, कुणाला निनावी फोन आला की लोक आधी त्यांच्याकडे यायचे, पोलिसांकडे नंतर.

"पोलीस काय म्हणत्यात?"

"रागानं गेली असंल, येईल म्हणत्यात. जावई तीन ते पाच कॉम्प्युटरवर मिटिंगला बसलावता. पुण्याची, मुंबईची अकरा माणसं त्याला पडद्यावर बघत हुती. वेळ घातलेला फोटो हाय म्हणं. विहीणबाई गिरणीत दळाय गेलत्या. मिटिंग संपली, हा उठला, बघतोय तर अनुजा न्हाय." केरबानं वर बघितलं. "बाई, दोन खोल्यांचं घर. एकच दार, आन् ते ह्याच्या बाहेरच्या खोलीत. हाताच्या अंतरावरनं बायको निघून जाती आन् ह्याला कळत न्हाय?"

ललिताबाईंनी चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही इथंच बसा. मी वर जाऊन येते."

२

पृथ्वीराजनं दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याला काही वाटत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

कोपऱ्यात टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि कॅमेरा. मागच्या भिंतीवर निळा पडदा ठोकलेला. कॅमेऱ्यात तेवढंच दिसावं, घराचं दार नाही, स्वयंपाकघर नाही, अशी सगळी मांडणी. पडद्याशेजारी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं: २००७ सालातला घरून काम करणारा सर्वोत्तम कर्मचारी, पृथ्वीराज बाळासो चौगले. पुण्याच्या कंपनीचं.

"नक्की काम काय असतं रे तुझं? तीन वर्षं शेजारी राहून कधी विचारलं नाही बघ."

"अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की मशीनवर बोलून ठेवतात, काकू. आपण हेडफोन लावून ऐकायचं, आणि रिपोर्ट टाइप करून पाठवायचा. तिकडं रात्र असते तोवर इथं दिवसा काम होतं." तो सांगताना सरळ बसला. त्याचा आवाज खणखणीत होता, रेडिओवर शोभेलसा. "फाउंड्रीतली क्लार्की गेली तेव्हा लोक हसले. पण मी घरी बसून लुंगीवर काम करत न्हाय. टाय, मोजे, बूट, सगळं घालून बसतो. शिस्त म्हणजे शिस्त."

"आणि खाली हे शिलाई मशीनसारखं काय?"

"पेडल. पायानं दाबलं की डॉक्टरचा आवाज पुढं जातो, सोडलं की थांबतो. हात मोकळे राहतात."

ललिताबाई गुडघे धरून खाली वाकल्या. पेडलच्या काळ्या रबरावर, वरच्या कडेशी, बारीक दातेरी ओरखडे होते. चंद्रकोरीसारखे, एकावर एक, शेकड्यानं. उठताना त्यांना भिंतीतून उपटलेली टेलिफोनची वायर दिसली.

"आणि हे?"

"सासऱ्यांची कृपा. शुक्रवारी सकाळी आले, माझी गचांडी धरली आणि जाताना वायर ओढून गेले. फोन बंद, इंटरनेट बंद."

"मग काम कसं करतोस?"

"काम कुठलं, काकू? बायको गेलीय. गुरुवारपासनं मशीनला हात लावला न्हाय. कंपनीला अजून कळवलंसुद्धा न्हाय."

हे बोलताना तो खरं बोलत होता. ललिताबाईंचा कान तेवढं सांगत होता. पण "ती कधी गेली कळलंच न्हाय" म्हणताना मघाशी त्याचा आवाज अर्ध्या पट्टीनं वर चढला होता, तेही कानानं टिपलं होतं.

बाहेर पडताना त्याची आई चिमणाबाई दाराआड आली.

"कुणाला सांगू नका," ती कुजबुजली, "पोरगी संशयी हुती. पुण्याची ती मनाली मॅडम हाय न्हवं, दर गुरवारी पडद्यावर येती, तिच्यावरनं धुसफूस चाललीवती. आमचं पोरगं दिवसभर राबतंय आन् ही आत दार लावून झोपती."

ललिताबाई खाली आल्या. केरबाजवळ बसून त्यांनी पायरीवरच्या धुळीत बोटानं एक दातेरी कोर काढली.

"अण्णा, अशी खूण कशानं उठते?"

केरबानं क्षणभर बघितलं. मग धुळीतल्या त्या दातांवरून त्यानं बोट फिरवलं.

"माझ्या हातचं जोडवं हाय ते. दातेरी कडंचं. लेकीच्या लग्नात घडवलंवतं. कुठं दिसलं तुमास्नी?"

"जावयाच्या कामाच्या पेडलवर," ललिताबाई म्हणाल्या.

३

ललिताबाईंचा मुलगा प्रसेनजीत बंगळूरला होता. आईचं तोंड दिसावं म्हणून त्यानं घरात कॉम्प्युटर आणि कॅमेरा बसवून दिला होता. प्रमाणपत्रावरच्या नावावरून त्यांनी कंपनीचा नंबर मिळवला, आणि एरवी रविवारी दहा मिनिटं लागणारा तो कॅमेरा त्या दुपारी पुण्याच्या मनाली मॅडमसाठी लागला.

पडद्यावर तिशीची, दमलेली बाई आली. तीही घरूनच काम करत होती. मागच्या दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते, ते दिसताच तिनं घाईनं कॅमेरा वळवला.

"पृथ्वीराजची बायको बेपत्ता आहे?" ती थक्क झाली. "कधीपासून?"

"गुरुवारपासून. तुमची मिटिंग चालू होती तेव्हापासून."

"पण तो काहीच बोलला नाही! बायकोला तर मी कधी पाहिलंसुद्धा नाही. तीन वर्षं दर आठवड्याला त्याचा चेहरा बघतेय, पण त्याच्या घरात माणसं किती हे मला माहीत नाही. कुणाचंच माहीत नसतं हो."

तिच्या आवाजात धक्का होता, चोरी नव्हती. चिमणाबाईचा संशय ललिताबाईंनी तिथंच बाजूला ठेवला.

"त्या दिवशी काय झालं?"

"पृथ्वीराजचा बक्षीस समारंभ होता. प्रमाणपत्र कुरियरनं आधीच पाठवलं होतं. अमेरिकेच्या लोकांना दाखवायचा म्हणून आम्ही रेकॉर्ड केला. थांबा, लावते."

पडद्यावर पृथ्वीराज, टाय बांधून. ललिताबाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि मग सवयीनं डोळे मिटले. कुणीतरी औषधाच्या नावाबद्दल विचारलं. उत्तराआधी एक पोकळी, आणि तिच्यात बारीक खरखर. कागदावर पेन्सिल. पुढच्या प्रश्नालाही तसंच, आधी पेन्सिल, मग पृथ्वीराजचा खणखणीत आवाज.

मग मनालीचा प्रश्न आला, "या यशात घरच्यांचा वाटा किती?"

"बायको चहा करून देते की वेळेवर," पृथ्वीराज हसून म्हणाला. "तेवढा वाटा तिचा. बाकी तिला यातलं काय कळत न्हाय."

अकरा जण हसले. त्या हसण्याखाली ललिताबाईंना पेन्सिल फरशीवर पडल्याचं ऐकू आलं. मग फरशीवर चांदीचा टकटक आवाज. सात-आठ पावलं. कडी निघाली, दार लागलं.

"आता बघा, इथून त्याचं नेट बिघडलं," मनाली म्हणाली. "पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर देता आलं नाही बिचाऱ्याला. आवाज तुटतोय म्हणाला."

"पोरी, मी बत्तीस वर्षं तुटणाऱ्या लाइनी ऐकल्यात. लाइन तुटते तेव्हा शब्द अर्ध्यात तुटतो. ह्याचा प्रत्येक शब्द पुरा होतोय, आणि मग आवाज तुटतोय."

मनालीनं रेकॉर्डिंग थांबवलं. मग जरा गोंधळून म्हणाली, "पण मावशी, तो इतक्या संकटात असेल असं वाटलंच नाही. त्याचं काम एक दिवससुद्धा चुकलेलं नाही. शुक्रवार, शनिवार, सोमवार. आजही दुपारपर्यंत बारा रिपोर्ट आलेत त्याच्या नावानं. एकही चूक नाही."

ललिताबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

वर, त्यांच्या डोक्यावरच्या घरात, वायर अजून भिंतीतून लोंबत होती.

४

संध्याकाळी ललिताबाई केरबाला घेऊन वर गेल्या. चिमणाबाईला बसवलं, पृथ्वीराजला समोर बसवलं.

"अण्णा, आधी तुम्हाला सांगते. अनुजा जिवंत आहे."

केरबानं खाली बसून दोन्ही हात जोडले.

"पृथ्वीराज, तू बूट घालून कामाला बसतोस. बुटाच्या रबरी तळव्यानं रबरावर चांदीचे ओरखडे उठत नाहीत. तीन वर्षं त्या पेडलवर अनुजाचा पाय होता. काम तिचं, चेहरा तुझा. मिटिंगला ती कॅमेऱ्याखाली फरशीवर बसायची आणि उत्तरं लिहून द्यायची. गुरुवारी तू तिच्या तोंडावर चहाची गोष्ट सांगितलीस. ती उठली आणि तुझ्यासमोरून दार उघडून गेली. तुला दिसलं. तिला थांबवायचं तर कॅमेऱ्यासमोरून उठावं लागलं असतं."

पृथ्वीराजनं टेबलाखालच्या पेडलकडे बघितलं.

"आणि ज्या दिवसापासून तू मशीनला हात लावला नाहीस, वायर तुटलीय, त्या दिवसापासूनही तुझ्या नावानं कंपनीत काम जातंय. तुझी खूण, तुझा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे? जिनं तो रोज वापरला, तिला."

"ती काम करतीय?" पृथ्वीराजच्या तोंडून निघालं. आवाजात आधी सुटका होती आणि मागोमाग भीती. "मॅडमला सांगितलं न्हाय न्हवं तुम्ही?"

तेवढं ऐकलं आणि केरबा उठला. ललिताबाईंनी त्याचा हात धरला.

"आवो, आमाला तरी कुठं हौस हुती?" चिमणाबाई एकदम रडायला लागली. "कंपनीला पदवीधर पायजे हुता. पदवी ह्याची, अनुजा बारावी. कान तिचा, बोटं तिची, कागद ह्याचा. सुनंच्या जिवावर घर चालतंय म्हणून लोकांनी शेण घातलं असतं आमच्या तोंडात. म्हणून म्हटलं झोपती म्हणून."

"चार दिवस हा माणूस नदीत लेकीचं मढं शोधत होता," ललिताबाई म्हणाल्या. "तुला ठाऊक होतं ती पायानं चालत गेलीय. सांगितलं असतंस तर काय गेलं असतं?"

"नोकरी," पृथ्वीराज खाली मान घालून म्हणाला.

जिना उतरताना केरबानं विचारलं, "पर हाय कुठं ती?"

"हे काम सायबर कॅफेत बसून होत नाही. पेडल लागतं. आणि इथलं पेडल इथंच आहे. असलं पेडल आणखी कुणाच्या घरी असेल? तिच्याबरोबर हे काम शिकलेलं कोणी?"

केरबा थबकला. "कुरुंदवाडची अक्षता. राजारामपुरीत दोघी एकाच क्लासात हुत्या. शुक्रवारी मी फोन केल्ता तिला. आली न्हाय म्हणाली की!"

"रडली का फोनवर?"

"न्हाय."

"मैत्रीण नदीत शोधायची वेळ आलीय म्हणून सांगितलंत, आणि पोरगी रडली नाही?"

५

बुधवारी सकाळच्या एसटीनं दोघं कुरुंदवाडला उतरली. अक्षतानं दार उघडलं आणि केरबाला बघून ते परत लोटायला गेली. पण तोवर ललिताबाईंनी आतला आवाज ऐकला होता. टायपिंगचा. इतका वेगवान आणि सलग, की एवढ्या वर्षांत वरच्या घरातून तो खाली येत असणार आणि आपण त्याला पंख्याचा आवाज समजत होतो, हे त्यांना तिथं उंबऱ्यात कळलं. त्यांना स्वतःच्या कानाची लाज वाटली.

अनुजानं हेडफोन काढला. बापाला बघून ती उठली नाही. टाइप करून भरून आलेल्या उजव्या मनगटावर तिनं फडकं गच्च बांधलं होतं.

"का गं?" केरबा एवढंच म्हणाला आणि जमिनीवर बसला. "मी तुला पाण्यात शोधत हुतो."

"मला ठावं न्हवतं, आबा. त्यांनी बघितलंवतं मला जाताना. सांगतील वाटलं."

"मग घरी का आली न्हाईस?"

"गेल्या दिवाळीला आलते की. तिसऱ्या दिवशी तुम्हीच गाडीत बसवून परत सोडलं. सोन्यासारखा जावई हाय, घरात बसून पैसा मिळवतोय, तुला काय कमी हाय म्हणालात."

केरबाच्या काळ्या बोटांनी फरशीवर नसलेलीच कसलीतरी वस्तू चाचपली.

ललिताबाईंनी विचारलं, "घर सोडलंस, मग त्याच्या नावानं काम का करत राहिलीस?"

अनुजानं पडद्यावरच्या यादीवर बोट ठेवलं.

"गुरुवारी सोळा रिपोर्ट अर्धे राहिलेवते, मावशी. एका बाईच्या पोटातली गाठ काढायची हुती शनिवारी. त्यांच्या डॉक्टरला कागद पायजे न्हवं? ते झाले, तर नवीन आले." ती थांबली. "त्या घरात दिवसभर माझ्याशी कोण बोलत न्हवतं. जेवायला वाढलंस का, एवढंच. ह्या डॉक्टरांचे आवाज तेवढे कानात. एकजण सोमवारपासनं शिंकतोय. एकाची आई वारली तेव्हा दोन दिवस त्याचा आवाज बसलावता. त्यांस्नी मी ठाऊक न्हाय. पर मला त्यांचं सगळं ठाऊक हाय. त्यांनी एकदाबी म्हटलं न्हाय, हिला यातलं काय कळत न्हाय."

"पोरी, कंपनीला खरं सांगायचं का?"

"सांगा. माझं नाव सांगा. आता माझंच सांगा."

६

ललिताबाईंनी सांगितलं. अक्षताच्याच कॅमेऱ्यावर, अनुजाला शेजारी बसवून. मनालीनं सगळं ऐकलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मी वर बोलते. हिच्यासारखं काम करणारं आमच्याकडे कोणी नाही." त्या क्षणी ती ते मनापासून म्हणत होती.

दोन आठवडे काही आलं नाही. मग मनालीचा फोन आला. या वेळी कॅमेरा नव्हता, नुसता आवाज, आणि तो पडलेला.

"मावशी, करार असा आहे की ज्याच्या नावानं काम दिलंय त्यानंच रुग्णांची माहिती ऐकायची. तीन वर्षं दुसरं कोणी ऐकत होतं असं कागदावर आलं, तर अमेरिकेचं काम जाईल. दोनशे माणसं घरी बसतील. म्हणून वरचे म्हणतात, असं काही घडलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अनुजा चौगले नावाची व्यक्ती आमच्याकडे कधी नव्हती. तिला अनुभवाचा दाखला देता येणार नाही. ती बाहेर कुठं बोलली तर वकिलाची नोटीस जाईल."

"आणि पृथ्वीराज?"

पलीकडे पोकळी पसरली. लाइन तुटलेली नव्हती.

"त्याला काढायचं तर कारण लिहावं लागेल," मनाली म्हणाली. "म्हणून त्याला पुण्याला बोलावलंय. घरून काम करणाऱ्यांवर देखरेख करायला. कॅमेऱ्यासमोर चांगला बोलतो, म्हणाले. त्याला टायपिंग करायचं नाही आता. मावशी, मी विरोध केला. पण मलाही लहान मूल आहे."

ललिताबाईंनी फोन ठेवला. रहस्य उलगडलं होतं. पाऊल, पेन्सिल, पेडल, सगळं जागच्या जागी लागलं होतं. कुणाला अटक झाली नाही, कारण पोलिसांच्या वहीत लिहिता येईल असा गुन्हा झालाच नव्हता. हरवलेली बाई सापडली, एवढी एक ओळ लिहून त्यांनी वही मिटली.

केरबानं लेकीला हुपरीला नेलं. या वेळी परत सोडायला नाही. पण भट्टीच्या धुरात आणि ठोकाठोकीत तिला ऐकून टाइप करण्याचा सराव जमेना. तेव्हा ती रोज सकाळच्या गाडीनं बावड्याला यायला लागली आणि ललिताबाईंच्या घरात बसायला लागली. प्रसेनजीतच्या कॉम्प्युटरवर तिनं तीन कंपन्यांना अर्ज केले. दोघींनी पदवी नाही म्हणून परत पाठवले. तिसरीनं कॅमेऱ्यावर परीक्षा ठेवली.

एप्रिलातली दुपार होती. वरच्या घराला कुलूप होतं. चिमणाबाई लेकाबरोबर पुण्याला गेली होती. अनुजानं केस नीट बांधले, पदर सारखा केला आणि जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या समोर बसली. पडद्यावर कोवळा, विशीतला परीक्षक आला. त्यानं आवाज लावला, तिनं टाइप केलं. पाच मिनिटांचा मजकूर होता. त्यानं दोनदा तपासला आणि खुर्ची पुढं ओढली.

"एकही चूक नाही. एवढा वेग मी पाहिला नाही. किती वर्षांचा अनुभव आहे, मॅडम?"

अनुजानं ललिताबाईंकडे बघितलं. ललिताबाईंच्या ओठावर 'तीन वर्षं' आलं होतं. पण त्याच्या पाठोपाठ दाखला मागितला गेला असता, आणि दाखल्याच्या मागे वकील उभा होता.

"अनुभव न्हाय," अनुजा म्हणाली. "नवीनच हाय मी."

"मग नियमानं सहा महिने शिकाऊ म्हणून घ्यावं लागेल. पगार निम्मा. चालेल?"

"चालंल."

"नाव सांगा पूर्ण."

तिनं नाव सांगितलं. आवाज घोगरा आला, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. मग तिनं मोठ्यानं सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि तो लिहून घेईपर्यंत पडद्यावरची नजर हलवली नाही.